यंदाची पाचवी कॅसेट

२ जाने. ८९
परवाच्या कॅसेटींवर गल्लीत अजून भांडण चालू आहे. चालू द्या. दरसाली ३१ तारखेले बाया माह्या अंगणात उन्हात वटाणे सोलाले येतात न मी वर्षभरातल्या माह्या आवडीच्या पाच लावते. पाचवीपासून सुरू, पहिली शेवटी. मोठ्या कंपनीची एकही नाही. ते तर पानठेल्यावाले फुकटात कानात कोंबतात. माह्या सगळ्या भिलाईतल्या सुपेला बाजाराच्या हातगाड्यावरच्या, कोणाच्या घरात नाही तर गोदामात भरलेल्या. वानखेडेबाई म्हणे, मावशी, तुमच्या पाचात एकही देवाची नाही. म्हटलं, बाई, देवाले कान आहेत, म्हणूनच नाही लावली.
वटाणे किडके निघाले. तिनंच आणले होते.

१६ जाने.
संक्रांतीचं हळदीकुंकू. सेक्टरातल्या भजन मंडळानं यंदा वाणात वाटी नाही, चाळणी नाही, आपलीच कॅसेट लुटली. वर सगळ्या बायांचा फोटो, कोणाचं डोकं कापलेलं. लावली. सुरुवातीले ते टिंगटिंग, मंग विहिरीत पडल्यावाणी आवाज. सुपेल्याचा रेकॉर्डिंगवाला गुड्डू सगळ्यांच्या गळ्यावर तीच विहीर लावते. तेलगू मंडळ असो का आपलं. पाणचट. पुढं नुस्तं 'पा' लिहीन, शाई वाचते. वाटी दिली असती तर चटणी तरी ठेवली असती.
आमच्या म्हाताऱ्याले मात्र लय आवडली. पोलादाच्या प्लांटात, मिलमध्ये उभा जन्म काढून कान गेले त्याचे. त्याले मिक्सरही आवडते.

११ मार्च
सुपेल्यात फुलझाडू घ्याले गेली होती. झाडू राहिला, कॅसेट आणली. बाजूच्या जामुल गावची कोणी बाई आहे, छत्तीसगढी ददरिया गाणी गाते. नाव छापलंय पण शाईच पसरली. काय गाते. एका जागी दम संपते तर लपवत नाही, सरळ थांबते, श्वास घेते न पुढं जाते. मागून बसचा हॉर्न येते. तीन खेपा ऐकली. भात लागला खाली.
सुधाकर जेवता जेवता म्हणे, आई, हे काय गावठी. म्हटलं, तू गावातच जन्मला बाबू, क्वार्टरात नाही. हापिसर झाला न कान म्हाताऱ्यावर गेले.
यंदाचा एक नंबर मार्चातच सापडला.

२० एप्रिल
वानखेडेबाईनं आपल्या गल्लीचंही मंडळ काढलं. कॅसेट करणार म्हणते. सेक्टरवाल्यायनं केली, मंग हिनं कावून नाही. मुख्य आवाज माह्या सुनेचा, मंदाचा.
तर खरी गोष्ट लिहिते बाई, लपवून काय. मंदाचा आवाज चांगला आहे. समोर कधी गात नाही. मोरीत भांडे घासता घासता गुणगुणते, तेव्हा मी टेप बंद करून बसते. तिले माहीत नाही.
आज पोळ्या लाटता लाटता, मान खाली. "आई, आमची कॅसेट ३१ तारखेले लावाल का?"
म्हटलं, पाहू.
"सून म्हणून नका लावू जी. चांगली असली तरच. तुमी लावली तर मी समजीन मले गाता येते."
"न नाही लावली तर?"
"तर मंडळ सोडते. भांडे आहेतच घासाले."
पोळी करपली तिची.

२८ जून
उकाडा. कूलरची खस सडली. वानखेडेबाईच्या घरी तालीम. बसून आली. बाईनं मंदाचा आवाज पिळून पिळून नाकात नेला. "बारीक काढा मंदाताई, बारीक, सिनेमात काढतात तसा." स्वतः बाई पेटी अशी दाबते जशी कणीक. चहा पण पा.
रस्त्यात मंदाले म्हटलं, तू घरी गाते तसं गा न. म्हणे, घरी कुठं गाते मी?

९ ऑगस्ट
आज रेकॉर्डिंग झालं. सुपेल्यात टायरवाल्याच्या मागची खोली, भिंतीले जुन्या गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद. बाया घामानं थबथब. गुड्डू मले म्हणे, "माताजी, आप बाहर बैठिए, आप बीच में बोलती हैं।" म्हटलं, तू तर बोलत नाही, नुस्ता बिघाडतो. तरी बाहेर बसवलंच. टायरच्या ढिगावर बसून केळ खाल्लं. दुपारपाळीचा भोंगा झाला तेव्हा आत सगळे थांबले असतील. प्लांटचा भोंगा गाद्यायले थोडीच ऐकते. भिलाईत गाणं म्हणा का पोरगं निजवा, भोंग्यापाशी थांबाच लागते.
मंदा बाहेर आली तर चेहरा उतरलेला.

६ सप्टें.
गणपतीच्या मोक्यावर कॅसेट आली. वानखेडेबाईनं घरोघरी वाटली जसं काही पेढे.
मंदा भाजीले गेली तेव्हा लावली. टिंगटिंग. विहीर. मंग एक बाई नाकातून गाते, नखऱ्याची. ही माही सून नाही, हे कोणी भाड्यानं आणली. पहिली बाजू संपली, पा. दुसरी, त्याहून पा. शेवटलं गाणं अर्ध्यात तुटलं न मागून भोंगा सुरू झाला. मंदा म्हणते, "थांबा जी दादा, भोंगा होऊन जाऊ द्या." न भोंग्याखाली आपली ओळ हळूच गुणगुणते, विसरू नये म्हणून. मोरीतल्यावाणी. तोच आवाज. भोंगा संपते न कॅसेटही संपते. गुड्डू कापाले विसरला.
उठून उभी झाली मी. उलटी फिरवून पुन्हा लावली. पुन्हा लावली. म्हातारा म्हणे, काय वं, प्लांटचा भोंगा काय ऐकून राहिली, जन्मभर ऐकला न तो. म्हटलं, तुमी भोंगाच ऐकला.

७ सप्टें.
मंदा: आई, ऐकली?
मी: ऐकली.
ओले हात पदराले पुसत राहिली ती. म्हटलं, फोटो चांगला आला.

१५ ऑक्टो.
वानखेडेबाई तणतणत आली. लोक हसून राहिले म्हणे, शेवटी भोंगा कावून आहे. दोष मंदाचा. मधात बोलाचं काय कारण होतं. गुड्डूले सांगून नव्या मालातून ते पुसून टाकणार. मंदा ओट्यापाशी उभी, "चुकलंच माहं ताई." चुकलंच म्हणते. बाईले चहा दिला नाही मी. तिनं वाट पाहिली.
आपल्या घरच्या कॅसेटीचे मागचे दोन्ही कान तोडून ठेवले, कोणी पुसाले नको.
मंदा भांडे घासताना गुणगुणत नाही आताशी. खरखर नुस्ती.

१० डिसें.
चार ठरल्या. एक, जामुलची. दोन, दुर्गच्या रेल्वे कॉलनीतल्या रिटायर गार्डबाबाची निर्गुणी भजनं. मधात मालगाडी जाते, बाबा तिच्याच ठेक्यावर चालते. देवाचीही आली पाहा, वानखेडेबाईनं नोंद घ्यावी. तीन, पंथी नाचगाणंवाल्या पोरायची, मांदरचा ढोल असा की छातीत वाजते. ही म्हाताऱ्यालेही समजली, टेपवर हात ठेवून बसला होता. चार, तेलगू बायांची. शब्द एक कळत नाही. बरं होते, मंग गाणंच राहते.
पाचवी?
सुधाकर म्हणे, आई, लाव न मंदाची, इतकं काय त्यात. म्हाताराही तेच. घरातली आहे, लाव. घरातली म्हणून लावाले ते लोणचं आहे का. पूर्ण लावली तर खोटी पडते मी न तिलेही समजन. नाही लावली तर मंडळ सोडते. न भोंग्याखालचं तेवढंच लावलं, तर चार महिने घासून बसवलेली आठ गाणी गेली न तिची चूकच चौकात मांडली असं होते.
पाठ दुखून राहिली. ऊन कमी.

३१ डिसें.
बाया आल्या. वटाणे चांगले, यंदा म्याच आणले. वानखेडेबाई पुढं बसली, नवी शाल.
पाचवी म्हणून मंदाची काढली. बाईनं मान डोलावली, तिले वाटलं मंडळाची लागली. दुसरी बाजू टाकली, पळवली, शेवटावर आणली. बटन दाबलं.
भोंगा. "थांबा जी दादा." न ते गुणगुणणं.
वटाण्यायचा आवाज बंद झाला. सगळ्यायचा.
वानखेडेबाई: "मावशी, हे तर ते खराब झालेलं."
म्हटलं, "खराब त्याच्या आधीचं आहे. गाणं इथं आहे."
मंदा दारात, हातात चहाचा ट्रे. कधीची उभी होती माहीत नाही. ट्रे खाली ठेवला, कप हालला नाही एक. मधून आली, टेपचं झाकण उघडलं, कॅसेट काढली, पदरात घेतली न आत गेली. रागानं का कशानं, चेहरा दिसला नाही, उन्हाकडं पाठ होती.
बाकी चारही लावल्या. जामुलची पण. पहिल्यांदा ती मले ऐकू आली नाही.

१ जाने. ९०
कॅसेट फळीवर नाही. मंदाले विचारलं नाही. तीही बोलत नाही. पण मंडळ सोडलं असंही म्हणत नाही. सकाळी वानखेडेबाईचा निरोप आला तालमीचा, तर "सांगते" म्हणे. हो नाही, नाही नाही.
म्हातारा म्हणे, तुह्या जिभेले हाड नाही. त्याले काय ऐकू गेलं होतं म्हणून बोलते.
दुपारी ती भांडे घेऊन मोरीत बसली. मी टेप बंद केला. खरखर. नुस्ती खरखर. मंग दुपारपाळीचा भोंगा झाला न खरखर थांबली. हात थांबले तिचे. भोंगा चालू होता तवर कान देऊन बसली मी. त्याच्याखाली काही होतं वाटते. नव्हतंही असन. भोंगा लय मोठा आहे मेला.
उद्या माहा बसाचा पिढा मोरीच्या दाराशी नेते.