आईला खाली घेतलं

६ जाने. ७१, बुध.
राहुरीची सभा झकास झाली. दयामरणाचा कायदा हवा म्हणून मुंबईकडचे काही विद्वान वर्तमानपत्रांतून लिहितात, त्यांची सालटी काढली. 'आजाऱ्याला मारायला कायदा काढता? त्याची माणसं काय मेली आहेत?' टाळ्या. कायद्याविरुद्धच्या आमच्या समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब खूश. '२४ ला नगरच्या मोठ्या सभेत मुख्य भाषण तुमचंच, गुरुजी.' एस्टीत सगळा वेळ तेच डोक्यात.
आई दिवाळीपासून खाटेवर, उजवं अंग गेलेलं. सून असून सुमती सगळं करते. मी दारातूनच विचारलं, बरी आहेस ना. खोलीतला वास सहन होत नाही. लिहायला लाज वाटते, पण नाही होत.

८ जाने., शुक्र.
शेजारच्या गावी पारावर बोललो. एक म्हातारा उठला. 'मास्तर, तुमच्या घरी हाय का कुनी आसं पडून?' म्हटलं, आई आहे. 'मंग तिच्यापाशी कोन बसलंय आत्ता?' लोक हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार.

११ जाने., सोम.
सकाळपासून आईला घरघर. डॉक्टर म्हणाले, आता काही सांगता येत नाही. मावशी म्हणाली, 'खाटंवर जीव जाऊ द्यायचा नसतो. खाली घे रं तिला.' सु. म्हणाली, 'थांबा की जरा. मागंही असंच झालं होतं.' सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, घ्या.
शेणानं सारवलं, घोंगडी टाकली, खाली घेतलं. तोंडात गंगाजल, तुळशीचं पान. गल्ली जमली. एक जण तर बांबू बघायला गेलासुद्धा.
दिवेलागणीला घरघर थांबली. आईनं डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं, वाकड्या तोंडानं विचारलं, 'मला खाली कुनी घेतलं?' मग म्हणाली, 'भूक लागलीया.' सु. नं पेज भरवली. लोक एकेक करून उठले.

१२ जाने., मंगळ.
काल 'घ्या' म्हणालो ते का, हे इथं तरी खरं लिहायला पाहिजे. मनात हिशेब चालला होता. आज झालं तर तेरावं उरकून सभेला मोकळा. चार दिवस लांबलं तर ऐन सभा सुतकात. आईच्या उशाशी बसून हा विचार केला मी. कुठल्या तोंडानं

१३ जाने., बुध.
आज भोगी. आई अजून जमिनीवरच. मावशी खाट लावू देत नाही. 'एकदा खाली घेतलेलं मानूस परत वर घेत न्हाईत. घराला बरं नसतं.' वर्गात मांजर आडवं गेल्याची टिंगल करणारा मी, तोंडातून शब्द काढला नाही. मावशीला भिऊन नव्हे. परत खाटेवर घेतलं म्हणजे मी घाई केली हे गावाला कळणार.
ओल आहे, वरून थंडी. खोकला सुरू झाला.

१४ जाने., गुरु. संक्रांत.
वकीलसाहेब तिळगूळ आणि जाहिरातीचा कागद घेऊन आले. माझं नाव ठळक अक्षरात. त्यांना ओट्यावरच बसवलं, आत बोलावलं नाही. 'मातोश्री कशा आहेत?' 'बऱ्या आहेत.' आतून खोकला ऐकू येत होता. मी मोठ्यानं बोलत राहिलो.

१६ जाने., शनि.
आईला ताप. छाती भरली. सु. पोळ्या करता करता, वर न बघता म्हणाली, 'तुम्ही ज्याच्याविरुद्ध बोलता त्या कायद्यात निदान माणसाला विचारतात तरी. आपण सासूबाईंना विचारलं का?' मी ताटावरून उठलो. तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

१७ जाने., रवि.
मावशी देवळात गेली. सु. नं खाट आणली, झटकली, गोधडी घातली. आईच्या पायाशी जाऊन उभी राहिली. 'डोक्याकडून धरा.' धरलं. आई इतकी हलकी झाली आहे हे मला माहीतच नव्हतं. मावशी आल्यावर जेवलीच नाही.
डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. म्हणाले, थंडी बाधली, बघू.
दुपारी आईजवळ बसलो. पुष्कळ दिवसांनी. म्हटलं, तुला खाली मीच घेतलं. 'ठावं हाय,' म्हणाली. मग बराच वेळ नुसता खोकला. मग, 'लोक म्हनत्यात तू लई चांगला बोलतूस. आमी कधी ऐकलंच न्हाई. काय सांगनार हाईस नगरला? मला सांग की.'
भाषणाचा कागद काढला. पहिलं वाक्य वाचायला घेतलं, 'आजाऱ्याला त्याच्या माणसांचा आधार' आणि पुढं वाचता येईना.
'मंग?' आई म्हणाली. 'पुढं?'