मला काचेवरून उतरवू नये याबाबत

प्रति,
मा. अवसायक,
दिवाळखोर जिम व फिटनेस कंपन्या कक्ष,
जप्त मालमत्ता विभाग, दुसरा मजला.

विषय: बंद जिमच्या काचेवरील माझे छायाचित्र आहे तिथेच ठेवणेबाबत.

संदर्भ: ते काढून टाकावे असा माझाच पूर्वीचा अर्ज व त्यास आपण दिलेली मंजुरी.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, आपल्या ताब्यातील जिम कंपनीचे दिवाळे निघून तिच्या सर्व शाखांना टाळे लागले. पाठोपाठ आमच्या रस्त्यावरच्या आणखी दोन फिटनेस कंपन्यांनी गाशा गुंडाळला. आमच्या चौकातील शाखेच्या काचेवर आतून माणसाच्या उंचीचा फलक लावलेला आहे. त्यातील 'आधी' या शब्दाखालचा, पोट सुटलेला, हसरा इसम म्हणजे मी. 'नंतर'खालचा पिळदार गृहस्थ कोण, हे मला ठाऊक नाही. प्रशिक्षक म्हणाला होता, "तुमचं पोट उतरलं की तिथं तुमचाच फोटो लावू." त्याआधी कंपनीच झोपली.

२. पुढे मला पोटाचा आजार जडला व मी अगदी पाप्याचे पितर झालो. समोरचा न्हावी दुकानातून ओरडतो, "ढब्बू, जिमवाले बुडाले, पण तुझे पैसे वसूल झाले बघ!" मी हसतो. डॉक्टरांनी हात टेकलेत, हे रस्त्यात उभे राहून कुणाकुणाला सांगणार? म्हणून फलक उतरवावा, असा अर्ज केला. जप्त मालास हात लावता येत नाही, असे आपण कळवलेत. मी पुन्हा लिहिले, पुन्हा खेटे घातले. अखेर 'मनुष्यबळ उपलब्ध होताच फलक उतरवण्यात येईल' अशी मंजुरी मिळाली. आपल्या कार्यालयाने माझे ऐकले ते एवढे एकदाच.

३. आता आईविषयी. घरात आम्ही दोघेच. ताट वाढताना ती माझ्याकडे बघत नाही. भाजी आणायला म्हणून जाते आणि लवकर परतत नाही. परवा मी मागोमाग गेलो. ती जिमच्या काचेपाशी उभी होती. रुमालाने काच पुसत म्हणत होती, "चांगलं अंग धरलंय माझ्या बाळानं. असाच राहा." ती गेल्यावर मी आपल्या पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, "आजी रोज येतात. मुलगा आहे म्हणे त्यांचा. तब्येतीनं एकदम छान. मी खुर्ची देतो त्यांना." त्याने मला ओळखले नाही. तिच्यासमोर रोज जेवायला बसणारा मी मग कोण, असे वाटून मला रागही आला आणि रडूही.

४. तरीही फलक उतरवू नये. खिडकीवरील लिपिक म्हणतात, अर्जदार हयात नसल्यास प्रलंबित अर्ज बाद होतो व आधीची मंजुरी कायम राहते. आपल्याकडील कामाचा वेग आणि माझी प्रकृती पाहता या अर्जाचे काय होणार, ते मला कळते. तरी लिहितो आहे. यंत्रे भंगारात जावोत, गाळा कुणीही घेवो, माझी हरकत नाही. मी गेल्यावर आईला माझ्यापाशी उभे राहायला तेवढीच एक जागा उरेल.

आपल्या एका सहीची वाट पाहणारा,
ढब्बू
(फलकावर डावीकडचा)

दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे धरावा.

सोबत:
१. पूर्वीच्या मंजुरीची प्रत.
२. डॉक्टरांचा दाखला. तो घरच्या पत्त्यावर परत पाठवू नये. टपाल आई उघडते.