शेवटचे सात सेकंद

१७ मे
हरलो! १-०. तेही शेवटच्या मिनिटाला, आणि तेही पलीकडच्या पेठेकडून!

जो चेंडू आमच्या हिनं पदर आडवा धरून अडवला असता, तो तोहिदच्या दोन पायांमधून गेला. तोहिद आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. कुतुबुद्दीनचा पुतण्या. कुतुबची मला दया आली, कारण टीमच्या जर्स्या तोच शिवतो आणि तोच पोराला दोन वर्षांचा असल्यापासून मैदानावर घेऊन येतो. निघताना त्याला टाळलं.

घरी आलो तर टीव्हीवर क्रिकेट. बॉल एक आणि जाहिराती सहा. ह्याला खेळ म्हणतात! कोल्हापुरात जन्माला येऊन माणसं हे बघतात, वर मला विचारतात, "आबा, फुटबॉलमधी काय ठेवलंय?"

१८ मे
डोक्यातून तो गोल जाईना. बातम्या लावल्या. स्क्रीनवर आठ खिडक्या, आठ तोंडं, एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. अँकरच्या गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. विषय रोजचाच — ते आणि आपण. बातमी एकही नाही. दोन तास शिव्या देत बघितलं. बंद मात्र केलं नाही.

मग फोन घेतला. मला टाइप करता येत नाही, एका अक्षरावर बोट ठेवलं की तीन उमटतात. बटण दाबून बोललो. 'कट्टा' ग्रुपवर — आम्ही चौघंच. मी, विजयसिंह, जोतीराम, आकाराम. कुतुब नाही, त्याच्याकडं अजून साधा बटणांचा फोन आहे. आधी कोचला घेतलं, मग रेफ्रीला, मग कमिटीला. मग म्हणालो, तोहिदनं मुद्दाम सोडला. आणि शेवटी, "त्यांच्यातलं कोण आपल्या पेठेचं असतंय?"

आकारामनं हसरं तोंड पाठवलं. विजयसिंहनं अंगठा.

२१ मे
हरामखोर!

यूट्यूबवरचं एक चॅनेल. नाव लिहून वही विटाळत नाही. माझा आवाज, त्यावर तोहिदचा फोटो, मागं ढण् ढण् संगीत, खाली लाल पट्टी — 'पेठेत खदखद!' एकोणतीस सेकंद बोललो होतो मी. बावीस कापून टाकले. कोच गेला, रेफ्री गेला, कमिटी गेली. शेवटचे सात ठेवले.

तिघांपैकी कुणीतरी पुढं पाठवलं. तिघांनाही फोन केला. तिघंही म्हणतात, "आईशप्पथ, मी न्हाय." ही माझ्याकडं बघून म्हणाली, "आवाज तुमचाच हाय की हो."

"माझ्यासारखा हाय," मी म्हणालो आणि आंघोळीला गेलो. दुसऱ्यांदा.

२२ मे
व्हिडिओखाली लोकांनी तोहिदला जे लिहिलंय ते वाचवत नाही. कुठले कोण! गोलपोस्टला किती खांब असतात हे माहीत नसलेले लोक. पण वाक्य माझंच धरून लिहितायत.

कट्ट्यावर कुतुब आला होता. चहाच्या गाड्यावर कुणीतरी त्याला ऐकवलंय. चाळीस वर्षं आम्ही शेजारी बसतो. आज निम्मा चहा ठेवून उठला. मला म्हणाला, "येतो." एरवी "चल" म्हणतो.

२४ मे
जोतिबाला गेलो. सुखासुखी नाही, हिनं हट्ट धरला म्हणून. रांगेत दोन तास, आणि पास असलेले शेजारच्या दारानं आत. देवाच्या दारात वशिला! एका पोरीनं तीनदा गुलाल उधळला, कारण रील नीट येईना. तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यात. आत पोचलो तर "चला, चला, पुढं चला". मला काही बोलायचं होतं. बोलता आलं नाही. बाहेर येऊन पार्किंगवाल्याशी भांडलो.

२६ मे
तोहिदला टीममधून काढलं. जिल्ह्याची निवड चाचणीही गेली. विजयसिंह तालमीचा अध्यक्ष, म्हणतो, "वातावरण निवळू द्या." वा रे वा! अंगठा कुणी दाखवला होता?

माझा काय दोष? मी चौघांत बोललो. चौघांत माणूस काहीही बोलतो.

काहीही.

२ जून
तालमीत मीटिंग. विजयसिंहनं स्पीकरवर आवाज लावला. स्वतःला सगळं माहीत असून! "ह्यो कुणाचा आवाज हाय, ज्याचा हाय त्यानं सांगावं." सात सेकंद. साठ माणसं. जोतीराम माझ्याकडं बघायला लागला, मग बाकीचे.

कुतुब उठला. म्हणाला, "ह्यो बाळासोचा आवाज न्हवं. चाळीस वर्सं ऐकतोय. मला कळणार न्हाय व्हय?"

विषय संपला. कुतुब म्हणाला म्हटल्यावर कोण बोलणार? मी उठून 'माझाच' म्हणायला तोंड उघडलं आणि जांभई दिली.

३ जून
त्याला खरंच ओळखू आला नसेल. वय झालं, कान गेले असतील.

४ जून
कान गेलेले नाहीत. कुतुबच्या दुकानासमोरून चाललो होतो. मशीन चालू, त्याची पाठ माझ्याकडं. मी एक शब्द बोललो नाही. नुसत्या चपलांवरून म्हणाला, "जा बाळासो, काम हाय."

फोनला शिव्या देतो, टीव्हीला देतो. बोललो मी. त्या अँकरनं माझ्या तोंडात बोट घालून वाक्य काढलं नव्हतं. लाज वाटते. लिहून ठेवतो — लाज वाटते.

१२ जून
मोहरम जवळ आला. आमच्या तालमीत गणपती बसतो तसाच पीराचा पंजाही बसतो. चंद्र दिसला की पंजासमोरच्या विस्तवाच्या खड्ड्यासाठी पहिली कुदळ मारायची, आणि कुदळीला दोन हात लागतात. एक कुतुबच्या घरचा, एक आमच्या. वडील गेल्यापासून तो आणि मी. उद्या कुणी विचारलं धर्म काय, तर मला एवढंच दाखवता येईल. आणि मी विचारतोय, त्यांच्यातलं कोण आपल्या पेठेचं!

कुदळ धरल्यावर त्याचं डोकं माझ्या खांद्याशी असतं. तिथंच सांगायचं ठरवलंय. हळू, त्याला एकट्याला. तो शिवी देईल. दे म्हणावं. मग कट्ट्यावर बसू.

१७ जून
काल चंद्र दिसला. कुतुब आला नाही. तोहिदला पाठवलं.

पोरानं माझ्या हाताशेजारी हात ठेवला. म्हणाला, "चाचा म्हनले, कुदळ चुकवायची न्हाय. पर बाळासोच्या शेजारी मी उभा ऱ्हाणार न्हाय. का, त्ये सांगंनात. तुमचं भांडान झालंय व्हय आबा?"

सांगितलं. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तोहिदनं कुदळीवरचा हात काढला नाही. मीच काढला.