बिजागरीखालची तारीख

मी, खाली सही करणार, वय एकोणऐंशी, धंदा सुतारकाम (आता फक्त खुर्च्यांचे पाय आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या), असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे डॉक्टर म्हणाले. हे मी माझ्या मर्जीने लिहीत आहे. मुलाने "एवढं एक कलम गाळा" अशी दोनदा विनंती केली. ते गाळलेले नाही.

१. राहते घर पत्नीच्या नावे. ती असेपर्यंत कोणी विकण्याचा विषय काढू नये. स्वयंपाकघरातली फळी मी अडतीस वर्षे 'उद्या लावतो' म्हणत आलो, ती मुलाने लावून द्यावी.

२. बँकेत जे असेल ते मुलगा व मुलगी यांना सारखे. यावर लिहिण्यासारखे काही नाही.

३. हत्यारे मुलीला, कारण घरात खिळा सरळ ठोकता येतो तो तिलाच. लांब रंधा धाकट्या भावाकडे आहे, 'परवा आणून देतो' म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी नेलेला. तो त्याला बक्षीस दिला. हे कलम त्याला मी जिवंत असतानाच वाचून दाखवावे, म्हणजे मला पाहून रस्ता बदलायचे तो सोडेल.

४. कामाचे टेबल. मुलाला नको असलेले कलम ते हेच.

या टेबलाची वरची फळी म्हणजे एक दार आहे, शहरातल्या जुन्या सभागृहाचे बाजूचे दार. एकेचाळीस वर्षांपूर्वी तिथे दुपारच्या गाण्याच्या कार्यक्रमात आग लागली आणि एकशे सदतीस माणसे गेली, बहुतेक धुराने आणि या दाराशी चेंगरून. देशभर झेंडे अर्ध्यावर उतरले. चौकशी समितीने लिहिले की लोकांनी गोंधळ केला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी शाळाशाळांत मुले दोन मिनिटे उभी राहतात आणि एकमेकांच्या बुटांकडे बघतात. त्यांचा दोष नाही. त्यांना आकडा सांगतात, दाराबद्दल कोणी सांगत नाही.

माझी नात तेरा वर्षांची आहे. घरात तिला सगळे 'चौकशी खातं' म्हणतात. यंदा त्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने दप्तरही न उतरवता विचारले, "आजोबा, दार होतं तर लोक बाहेर का नाही पडले?"

"ते आत उघडायचं. मागून माणसं रेटत होती, ओढणार कसं?"

"मग असं उलटं दार बसवलं कोणी?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. समितीने नाही, पोलिसांनी नाही. आपण होऊन सांगायला मीही गेलो नाही. मी म्हणालो, "मी."

हकीकत अशी. दार आधी बाहेर उघडत असे आणि जिन्यावर रांगेत उभे राहणाऱ्यांना लागत असे. आगीच्या आदल्या वर्षी व्यवस्थापक म्हणाले, फिरवून द्या. मी अर्ध्या दिवसात फिरवून दिले. पुढे सभागृह पाडले तेव्हा ते दार भंगारातून उचलून आणले आणि त्याच्यावरच काम करत आलो. टाकवेना आणि बघवेनाही.

माझी एक सवय आहे, मला शिकवणाऱ्या मिस्त्रींनी लावलेली. बिजागरी बसवण्याआधी तिच्या खाचेत पेन्सिलने तारीख घालायची. मालकाने आपल्या मताविरुद्ध काम करून घेतले असेल तर खाली 'नको म्हटले होते' एवढे लिहायचे. या दाराच्या बिजागऱ्या मी अजून काढलेल्या नाहीत. त्यांच्याखाली काय लिहिले आहे ते मला आठवत नाही. काही दिवस वाटते, मी नको म्हटले होते. काही दिवस वाटते, हे मीच मागाहून रचले.

म्हणून टेबल नातीला. माझ्यामागे तिने बिजागऱ्या काढाव्यात आणि जे निघेल ते शाळेत वाचून दाखवावे. मुलगा म्हणतो, "बाबा, इतक्या वर्षांनी आपलं नाव कशाला त्यात घालता?" त्याला उत्तर इतकेच, की ते त्यात आहेच.

५. दुरुस्ती. वरील मजकूर डॉक्टर आणि नातीच्या शाळेतल्या बाई या साक्षीदारांसमोर वाचून झाला, तेव्हा नात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभी होती. म्हणाली, "तुम्ही गेल्यावर कशाला? मला काही विचारायचं असेल तर कोणाला विचारू?" सबब कलम चारमधले 'माझ्यामागे' हे शब्द रद्द.

स्क्रू गंजले होते. कसे दाबायचे ते मी सांगितले, काढले तिनेच. पहिल्या बिजागरीखाली तारीख आहे, अक्षर माझे आहे. तारखेखाली काही नाही. दुसरीखाली नाही, तिसरीखालीही नाही. मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. मला फार वाईट वाटले, आणि उगाच लपवत नाही, थोडे हलकेही वाटले.

नातीने खाचेतून बोट फिरवले आणि विचारले, "मग नको का नाही म्हटलं?"

मी नीट आठवून पाहिले. व्यवस्थापकांची भीती नव्हती, भला माणूस होता. दार चुकीचे होणार हे हाताला कळत होते. पण वाद घातला असता तर संध्याकाळ झाली असती, आणि मुलाला सायकल शिकवायचे कबूल केले होते. दुसरे कारण सापडले नाही. मुलाने खिडकी सोडली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. कलम गाळण्याची विनंती त्याने मागे घेतली आहे.

नातीने हे पुढच्या वर्षी शाळेत सांगावे. एकशे सदतीस हा आकडा नंतर सांगावा, आधी सायकल सांगावी.

सही करणार: सुतार, स्वहस्ते.
साक्षीदार: १. डोके तपासून गेलेले डॉक्टर. २. नातीच्या शाळेतल्या बाई.
ठिकाण: वर सांगितलेले टेबल. दिवस: स्मृतिदिनानंतरचा पहिला शनिवार, आगीनंतरचे एकेचाळिसावे वर्ष.

टेबल नातीला मिळत असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही चालत नाही. तिने पहिल्या खाचेत, माझ्या तारखेखालच्या रिकाम्या जागी, पेन्सिलने 'विचारले' एवढे लिहिले आहे.