सहाव्या महिन्यातली सुई

मुकुटबन
ता. १२ सप्टेंबर २०१८

चि. दीपास आजीचा जय भीम.

इकडे सारे बरे आहो. तुझा बापबी बरा आहे, म्हणजे जेवते, वावरात जाते, बोलत नाही. कपाशीवर यंदाबी बोंडअळी दिसून राह्यली. शेजारची लालीबाई रोज तुझी खबर इचारते. तिले म्हटलं, पोर चांगली आहे, तू आपले गुडघे पाह्य.

परवा तू फोनवर म्हणाली, सहावा महिना लागला, डॉक्टरीण फ्लूची सुई घे म्हणते, सासूबाई म्हणतात पोटुशीनं टोचून घेऊ नये, आजी मी काय करू. मी म्हटलं तुझ्या मनानं कर, अन् फोन ठेवून देल्ला. तुले राग आला असन. तुझा बाप बाजूले बसला होता. त्याच्यासमोर मले सांगता येत नव्हतं, म्हणून लिहून राह्यली. अक्षर रात्रशाळेचं आहे, हसू नको.

तुझी सासू नंदाबाई वाईट नाही. सून पोटुशी राह्यली का साऱ्याच सासवा डॉक्टर होतात.

तुझी माय फवारणीनं गेली असं तुले सांगितलं. ते खरं नाही.

मागच्या साली गावोगाव फवारणीनं माणसं पडत होती. तुझी माय सत्यशीला तुझ्या बापाच्या, प्रफुल्लच्या मागं पंपाले पाणी वाहत होती. तिले ताप आला, दम लागला, तं सारे म्हणाले औषध अंगात गेलं. आम्ही तिले आंघोळ घातली, ताक पाजलं. यवतमाळले नेलं तवा ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाला हा फ्लू आहे, बाईले चौथा महिना आहे, अशा बाईले हा ताप लवकर नेते.

मले तवा समजलं. तुझ्या बापाले ठाऊक होतं. पोरीचं लग्न झालं अन् मायले दिवस गेले, लोक हसतील, म्हणून दोघं चूप होते.

तिच्या तापाच्या आधी नर्सबाई याच सुईसाठी दारात आली होती. घरात कोणी पोटुशी आहे का, म्हणे. सत्यशीला सूप पाखडत होती. वर न पाहता म्हणाली, "आमच्या घरी बकरीच पोटुशी आहे, बाई."

नर्सबाई हसली. मीबी हसली. ती पुढच्या घरी गेली.

दीपाले सांगू नको म्हणून तुझ्या बापानं मले शपथ घातली होती. ती आज मोडली. त्याले इचारू नको, तो अजून सोसून राह्यला.

तू उद्याच जाय अन् सुई घे. सासू आडवी आली तं माझं नाव सांग. तरी नाही ऐकलं तं हे पत्र तिले वाचून दाखव. आमच्या घरची लाज तुझ्या सासरी बाभुळगावभर झाली तरी चालन.

तुझी, अन् त्या न आलेल्याचीबी,
आजी