करड्या झग्यातला तो

२ जून, सोमवार

पाठवला एकदाचा! त्या शेतीच्या व्हिडिओ गेमचा लेख. भात लावा, बदकं सांभाळा, शेजाऱ्याशी गोड बोला. चित्रं देखणी, पण बदकांना कधी भूक लागत नाही आणि शेजारी रोज तेच एक वाक्य बोलतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दहापैकी पाच दिले. मागच्या मोटारशर्यतीला चार दिले होते तेव्हा वाचकांनी शिव्या घातल्या. घाला. भिंतीवर आपटूनही पहिला नंबर येतो, त्याला शर्यत म्हणू?

संपादक मास गालिहचा, म्हणजे गालिहदादाचा, जकार्ताहून फोन आला. म्हणाला, तुला जगात काही आवडतं की नाही? हसून विषय बदलला. आज दिवसभरात माझ्याशी बोललेलं माणूस तेवढंच.

३ जून, मंगळवार

नवा गेम आला. ‘धुक्याचा घाट’. बाजारात यायच्या आधी फक्त आम्हा समीक्षकांसाठी उघडलाय, तोही दुपारचे दोन-तीन तास. हजारोंनी मिळून खेळायचा म्हणे — आत गेले तर शुकशुकाट! एवढा डोंगर, बाजार, देवळं, आणि मी एकटी. गुप्ततेचा करार असा कडक की सगळ्यांची नावं लपवलेली, बोलायची सोय बंद, प्रत्येकाला सारखाच करडा झगा. हात हलवा, वाका, बसा — एवढंच करता येतं.

माझ्या खोलीतही याहून जास्त काय करते मी?

४ जून, बुधवार

पुलापाशी एक करडा झगा! आधी वाटलं, कंपनीनं ठेवलेलं बाहुलं. घाटात तसली यंत्रं जागोजागी आहेत — दुकानदार, पुजारी, पहारेकरी. मग त्यानं पुलावरून नदीत उडी घेतली. मेला. परत आला, परत उडी! पुढच्या खेपेला खडकावर आपटला आणि माझ्याकडे वळून हात हलवला. यंत्र एवढा येडेपणा करत नाही. माणूसच! मी मोठ्यानं हसले. बऱ्याच दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकला, तर दचकलेच.

पूल अरुंद. मी कमरेत वाकून हात पुढे केला, त्याला वाट दिली. आम्हा जावातल्या जोगजाकरांची पाठच तशी. कोणासमोरून जायचं तर आपोआप वाकते. आईनं लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलंय.

५ जून, गुरुवार

दोनच्या आधीच पुलापाशी जाऊन उभी. तो उशिरा आला. पण आला!

६ जून, शुक्रवार

बकरी ईद. सकाळपासून गल्लीत निखाऱ्यांचा धूर, मशिदीच्या अंगणात मटणाचे वाटे. घरमालकीण बू प्राप्ती, आमच्या प्राप्तीकाकू, वर आल्या. “किनांती, खाली ये गं पोरी. काड्यांवर मटणाचे साते भाजतोय, सगळी गल्ली जमलीय.”

म्हटलं, काम आहे.

“सणाला कसलं काम? गेमच तर खेळतेस!”

मी म्हटलं, त्याच्यावरच माझं पोट आहे हो बू. त्या गेल्या. खरं सांगायचं तर काम अर्ध्या तासानं केलं असतं तरी चाललं असतं. पण खाली गेलं की सगळ्यांचं एकच पालुपद — लग्न कधी? आणि वर तो येऊन परत गेला तर?

आज आम्ही दगडी राक्षस मारला. तो पुढे, मी मागे. त्याला लागलं की मी मुळी उगाळून द्यायची. दर वेळी आधी वाकून, मग दोन्ही हातांनी. एका हातानं वस्तू देणं मला गेममध्येही जमत नाही, काय करू! जिंकल्यावर तो गोल गोल नाचला. मला नाचायचं बटणच सापडेना. परत वाकले.

संध्याकाळी दाराशी झाकलेलं ताट होतं. साते गार झालेले. तसेच खाल्ले, आणि कारण नसताना रडू आलं.

९ जून, सोमवार

आता हे कळायलाच हवं — कोण आहे हा? कुठल्या गावचा? मला त्याच्याशी एकदा बोलायचंय. बाकी काही नको.

कंपनीला विचारणं करारात बसत नाही. एकच वाट आहे. सगळ्यांचे लेख सोळा तारखेला, गेम बाजारात येईल त्याच दिवशी, प्रसिद्ध होणार. ज्याच्या लेखात पुलावरचा सोबती असेल, तो हा. लिहीलच ना! नाही कसा लिहिणार?

(गेम म्हणाल तर यथातथाच. लढाया चिकट, गोष्ट पातळ. गेल्या महिन्यातला तो भुतांचा गेम याहून कितीतरी बरा. त्यात दार वाजतं आणि उघडलं तर कोणीच नसतं — बाकी घाबरले, मला ते घरच्यासारखं वाटलं.)

११ जून, बुधवार

समीक्षकांसाठीचा शेवटचा दिवस. तो शेकोटीपाशी बसला, मीही बसले. मग त्यानं हात हलवला आणि नाहीसा झाला. मी तिथंच. समोरचा निघाल्याशिवाय आपण उठायचं नाही, हे खरं, पण तो गेल्यावरही मला उठवेना. शेवटी कंपनीनंच पडदा काळा केला.

१३ जून, शुक्रवार

सात गुण दिले. खरे सहाच होतात. एक परिच्छेद सोबत्यावर लिहिला होता, मन लावून. मास गालिहनं उडवला. म्हणाला, “वाचक गेम विकत घेणार, तुझा सोबती त्यांना थोडाच मिळणार आहे?” बरोबरच आहे. मी भांडलेही नाही. मनात म्हटलं, माझा उडाला तर उडाला, त्याचा असेल.

१६ जून, सोमवार

संध्याकाळी सगळे लेख आले. इंग्रजी वाचले, मलय वाचले, बाकीचे यंत्राकडून भाषांतर करून घेतले. लढाया, चित्रं, संगीत, किंमत. पूल कोणाच्याच लेखात नाही. बू प्राप्तींनी जेवायला हाक मारली, मी पुढचा लेख उघडला. म्हणजे मी त्याच्या लक्षातही राहिले नाही? बारक्या संकेतस्थळांचे थोडे राहिलेत. उद्या बघेन. किंवा नाही बघणार.

१७ जून, मंगळवार

सापडला. तो नव्हेच, ती! मनिलाची एक बाई, लेख काल रात्री उशिरा आलेला. लिहिते — ‘या गेममधली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे कंपनीनं समीक्षकांसाठी ठेवलेला यांत्रिक सोबती. रोज माझ्या आधी हजर. दर वेळी तसाच वाकणार, पुलावर तशीच वाट देणार, कधी पुढे घुसणार नाही. खऱ्या माणसात इतकी माया कुठली? बाजारात आलेल्या गेममध्ये त्याला काढून टाकलंय. मी सगळा घाट शोधला. कंपनीला विनंती — त्याला परत आणा.’

खाली तिचा पत्ता आहे. सकाळपासून लिहितेय आणि पुसतेय. मी माणूस आहे — हे कोणाला कसं कळवतात?