साक्षीदाराची सही

फुनाबोरी, तोक्यो
१२ डिसेंबर

ती. सौ. नुपूरवहिनींस,
नीलकंठचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघं ठीक आहोत. थंडी पडली आहे, पण तुमच्याकडच्या बर्फापुढे ही थंडी म्हणजे लाडच. मैथिलीने तुमच्या पद्धतीचं लिंबाचं लोणचं घातलं, बरं झालंय. मिताली आता मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते. गेला महिनाभर मात्र ती माझ्याशी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नाही.

दादाचा उजवा डोळा उत्तम आहे. डाव्याला उजेड-अंधार कळेल, त्यापुढे आशा ठेवू नका, असं डॉक्टर म्हणतात. दर शनिवारी मी उरायासुला त्याच्या फ्लॅटवर जाऊन डोळ्यात थेंब घालतो. तो मान वर करून बसतो आणि मी त्याच्यावर वाकतो. 

स्टेशनच्या जिन्यावरून पडलो, असं त्याने तुम्हाला सांगितलं. तुम्ही नर्स, बावीस वर्षं जखमा पाहिलेल्या. फोटो बघून तुम्ही मैथिलीला विचारलंत, जिन्यावरून पडल्यावर गळ्यावर बोटांचे वळ कसे उठतात? ती म्हणाली, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.

गेल्या शनिवारी थेंबांची बाटली शोधताना त्याच्या टेबलावर तुमच्या वकिलाचे घटस्फोटाचे कागद दिसले. त्यात तुमच्या शब्दांत कारण लिहिलंय: माझं काम गेलं, क्लिनिक बंद पडलं, मी हात जोडून मत मागितलं तरी माझ्या नवऱ्याने माझ्याविरुद्धच मत दिलं. वहिनी, ते तसं नाही. कसं आहे ते लिहायला मला आठवडा लागला.

आम्हा भावांची भांडणं तुम्हाला ठाऊक आहेत. लहानपणी वडिलोपार्जित काहीच नव्हतं म्हणून क्रिकेटवरून मारामाऱ्या केल्या, मोठेपणी तुमच्या अमेरिकेवरून. मी कोण? भारतातल्या मतदारयादीतून नाव केव्हाच गेलं, जपानमध्ये मत नाही, आणि अमेरिकेत मी एकदा विमान बदललंय, बस. पण सकाळी गाडीत उभा राहून तिकडच्या बातम्या बघायच्या आणि दिवसभर धुमसायचं, हे माझं व्यसन. दादा म्हणायचा, उशिरा पोचलेलं मत मोजूच नये, पोस्टाच्या मताला साक्षीदाराची सही हवीच. मी म्हणायचो, लोकांनी मत देऊ नये म्हणून काढलेल्या या पळवाटा आहेत.

तिकडे खर्चावरून दोन्ही पक्ष अडून बसले आणि तुमच्या क्लिनिकचा निधी थांबला, तेव्हा गणपती होते. दादा आमच्या घरी जेवता जेवता म्हणाला, "सरकारी पैशावर चालणारी गोष्ट कधीतरी बंद पडणारच." मी मोदकांचं स्टीलचं ताट फेकून मारलं. त्याच्या कानाशेजारी भिंतीवर आदळलं, प्लास्टरचा टवका उडाला. खरं सांगतो, नेम चुकल्याचं मला वाईट वाटलं होतं.

तरी ऑक्टोबरमध्ये तो मतपत्रिका घेऊन माझ्याचकडे आला. इकडे नोकरीला असला तरी मत त्याचं तुमच्याच राज्यात, आणि तिथला नियम, साक्षीदार पाहिजे. "तूच सही कर," म्हणाला, "तुलाच जास्त आवडतो ना हा नियम!" आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून, शाळेत पेपर झाकायचा तसा हात आडवा धरून त्याने गोल काळे केले. पाकीट बंद केलं. मागच्या बाजूला मी सही केली. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसच्या कामाला आठ दिवस ओसाकाला जाणार होता, म्हणून पाकीट माझ्याकडे देऊन म्हणाला, "उद्या पोस्टात टाक."

मी टाकलं नाही.

दहा दिवस ते माझ्या खणात होतं. दादाने फोनवर विचारलं, मी म्हणालो, पोचलंसुद्धा असेल. आयुष्याची नऊ वर्षं कुठेच मत नसलेल्या माणसाच्या हातात एक मत आलं होतं, आणि ते तुमच्या विरोधातलं आहे याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. मी तुमच्यासाठी करतोय, असंच मी स्वतःला सांगत होतो. शेवटी ते गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात सरकवलं, अंक वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घातला, सुतळीने आवळला आणि जुने कागद उचलून नेण्याच्या दिवशी खाली ठेवून आलो.

नऊ वर्षं इथे राहून मी एवढं विसरलो की या देशात कचरासुद्धा कुणीतरी तपासतं. आमच्या गल्लीच्या ओकामोतो-सान सकाळी गठ्ठे नीट बांधलेत का ते बघतात. त्यांना अंकातून डोकावणारं, तिकीट लावलेलं, न फोडलेलं पाकीट दिसलं. कुणाचं तरी महत्त्वाचं पत्र चुकून गेलं, म्हणून त्या ते अंकासकट पोलीस चौकीत घेऊन गेल्या. पाकिटावर दादाचा नंबर होता. त्याला फोन गेला तो थेट मतदानाच्या दिवशी.

संध्याकाळी तो आला. पाकीट आणि दिवाळी अंक टेबलावर ठेवले. "या गल्लीत मराठी अंक अजून कोण वाचतं रे?"

मी पाकिटाकडे हात नेला, त्याने ते मुठीत घेतलं.

"साक्षीदार तूच ना?" म्हणाला, आणि कानफटात मारली. मी त्याचा गळा धरून त्याला फ्रीजवर दाबला. फ्रीजवरची मितालीची चित्रं खाली पडली, आम्ही ती तुडवली. तो माझ्या मनगटाला चावला, अजून खूण आहे. पाकीट त्याच्या मुठीत होतं, मी ओढलं, ते फाटलं. मग मी ठोसा मारला. चष्म्याची काच फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. मिताली किंचाळत होती, "यामेते! यामेते!" थांबा म्हणत होती. दादा थांबला. त्याने दोन्ही हात खाली सोडले आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "काही नाही गं राजा."

पहिला ठोसा रागाचा होता, वहिनी. दुसरा मी बघून मारला. फुटलेली काच डोळ्यावर आहे हे दिसत असताना, तो हात खाली सोडून उभा असताना, तिथेच मारला.

रक्त फरशीवर टपटपत होतं. मैथिलीने टॉवेल आणला. आणि पायाशी मतपत्रिका उलगडून पडलेली मला दिसली. तुमच्या क्लिनिकचा निधी परत आणू म्हणणाऱ्या त्या बाईंच्या नावापुढचा गोल काळा होता. खालचे सगळे गोल तुमच्याच बाजूचे.

डोळ्यावर टॉवेल धरून तो म्हणाला, "यावेळी तिच्यासाठी दिलं होतं. मोजल्यावर सांगणार होतो."

हॉस्पिटलात पोलीस आले. माझा कायमच्या वास्तव्याचा अर्ज अडकलाय हे त्याला माहीत होतं. मोडक्यातोडक्या जपानीत त्याने सांगितलं, जिन्यावरून पडलो. मला बजावलं, "नुपूरला एक अक्षर कळता कामा नये. ती गप्प बसणारी बाई नाही, सरळ पोलिसांना फोन करेल." मत कुणाला दिलंस म्हणून तुम्ही फोनवर त्याच्यावर ओरडलात तेव्हाही तो गप्प राहिला. तुमच्या बाजूने दिलं म्हणावं तर ते पोचलंच नाही हे तुम्हाला कळलं असतं, आणि का पोचलं नाही हे सांगावं तर मी तुरुंगात जातो. मला वाचवायला तो तुम्हाला घालवून बसतोय, आणि महिनाभर मी ते बघत थेंब घालतोय. लाज वाटते.

सोबत मतपत्रिका आणि पाकीट पाठवतोय. चिकटपट्टीने जोडलंय. डाग त्याच्या रक्ताचे आहेत. हे मत आता कुठे मोजलं जाणार नाही. तुम्ही मोजा. त्याला फोन करा, तो आपणहून करणार नाही.

हे पत्र लिहून झालं की मी त्याच चौकीत जाणार आहे. दुसऱ्या ठोशासकट सगळं सांगेन. पुढे अर्जाचं काय व्हायचं ते होवो. मैथिलीला सांगितलंय. ती रडली, पण नको म्हणाली नाही. पत्र पोस्टात मी टाकणार नाही, तीच टाकेल. माझ्यावर तो भरवसा तिने ठेवू नये, आणि ठेवतही नाही.

मला भावजी म्हणू नका आता. सही मात्र ओळखाल, पाकिटामागे हीच आहे. तेव्हा नुसती केली होती, आज तिच्यामागची साक्ष देतोय.

साक्षीदार,
नीलकंठ